चौबळांची मुंडावळ

"आपण लिहिता कधी?" असं कुणीही विचारलं की यशोधन चौबळ डोळे किंचित मिटत आणि सांगत, "पहाटे चारला. समुद्र जागा असतो आणि माणसं झोपलेली असतात." हे उत्तर त्यांनी इतक्या मुलाखतींत दिलं होतं की अलिबागच्या समुद्रालाही ते पाठ झालं असावं. पुढचा मजकूरही ठरलेला. आजोबांचं सागवानी टेबल, काळ्या शाईचं पेन, एक उदबत्ती आणि मौन. "लेखन हा एकांताचा व्यवसाय आहे. तिथे दुसऱ्या माणसाचा श्वाससुद्धा चालत नाही."

नेमक्या याच वाक्याला आतून शुभदाताईचा आवाज येई, "यशा, पाहुणे साखर घेतात ना?"

शुभदाताई ही चौबळांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती भावाकडे राहायला आली. त्याआधी जन्मभर तिने ठाण्यात वधूवर सूचक केंद्र चालवलं आणि शेकडो लग्नं जमवली. भाऊ तेवढा बिनलग्नाचा राहिला, हे केंद्राचं एकमेव जाहीर अपयश. भावाची एकही कथा तिने वाचलेली नव्हती. "मी आयुष्यभर स्थळांची माहितीपत्रकं वाचली," ती म्हणे. "‘मुलगा निर्व्यसनी, स्वभाव शांत.’ त्याच्यापुढे तुझं काल्पनिक साहित्य काय घेऊन बसलास?"

चौबळांची घराविषयी एकच तक्रार होती. आठवड्यातून एकदा वालाचं बिरडं झालंच पाहिजे, यावर दोघांचं एकमत होतं; पण मोड आलेले वाल सोलण्याचं काम ताईने त्यांच्या गळ्यात मारलं होतं. एकेक वाल चिमटीत दाबायचा, टुणकन दाणा बाहेर काढायचा, साल बाजूला टाकायची. सकाळचे दोन-दोन तास जात. मराठी साहित्याचं यात किती नुकसान होतंय, हे ते ताईला अधूनमधून सांगत. ताई म्हणे, "होऊ दे. तो कोपऱ्यातला गणंग सोल आधी."

असं सगळं सुरळीत चाललं असताना मुंडावळ आली.

त्याचं असं झालं होतं की यंत्रं कथा लिहू लागली होती. आधी वाईट लिहीत. मग बरी लिहू लागली. मग तर अशी लिहू लागली की वाईट कथा आली की ती नक्की माणसाची, असं संपादक ओळखू लागले. पुढे यंत्रांना हेही कळलं आणि ती मुद्दाम थोडं वाईट लिहू लागली. दिवाळी अंकांकडे कथांचा असा पूर आला की एका संपादकाने घाबरून फक्त पाककृतींचा अंक काढला. त्यातही मीठ घालायला विसरलेल्या पाककृती यंत्राच्याच निघाल्या.

यातून वाट सापडली ती भलतीकडेच. पक्षाघाताने वाचा गेलेल्या रुग्णांचा अभ्यास करताना मेंदूच्या डॉक्टरांच्या एक गोष्ट लक्षात आली. ‘तो आला’ असं आपण म्हणतो, त्याच्या निमिषभर आधी डोक्यात ‘परतला’, ‘उगवला’, ‘टपकला’, ‘कडमडला’ असे बरेच शब्द एकदम उजळतात. त्यांतला एक जिभेवर येतो आणि उरलेल्यांना मेंदू फुंकर मारून विझवतो. या विझवण्याला ऊर्जा लागते, आणि ती कपाळावर बांधलेल्या पट्टीतून मोजता येते. पाठ केलेलं म्हणताना किंवा समोरचं उतरवताना शब्द एकेकटे येतात. विझवायला तिथे कुणी नसतंच. थोडक्यात, माणूस काय लिहितो यापेक्षा काय लिहायचं टाळतो, यावरून तो खरा लेखक की नकलाकार हे ठरू लागलं.

यंत्राचं सरकारी नाव पर्यायमापक. पण पट्टी कपाळावर, दोन वायरी कानांवरून गालांवर लोंबणाऱ्या. लोकांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव मुंडावळ ठेवलं. पुण्यात कथाप्रमाणन मंडळ स्थापन झालं. मुंडावळ बांधून लिहिताना साठाच्या वर आकडा गेला की कथेखाली ‘मानवी निर्मिती’ असा शिक्का. तीन बैठकांत गेला नाही, तर ‘उगम संदिग्ध’. आणि नाणावलेला लेखक नापास झाला, तर त्याच्या जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांवरही तेच दोन शब्द.

‘पलिता’ दिवाळी अंकाचे संपादक मकरंद पोतनीस यांनी फोन केला. "यशोधन, पहिलं पान नेहमीप्रमाणे तुझं. पण यंदा मुंडावळ बांधावी लागेल."

"बांधतो की," चौबळ म्हणाले. "या जन्मी तेवढं तरी होऊन जाऊ दे."

मंडळाची तंत्रज्ञ ओवी खरात पुण्याहून आली. पोरगी तिशीच्या आतली, हसण्याबाबत काटकसरी. तिने आधी विचारलं, "सर, तुम्ही कथा कुठे, कधी, कशी रचता? तुम्ही सांगाल तीच परिस्थिती ठेवून चाचणी होते."

चौबळांनी डोळे किंचित मिटले.

त्यामुळे बिचारी पहाटे चारला जांभया देत सागवानी टेबलाच्या बाजूला बसली. उदबत्ती लागली. चौबळांनी मुंडावळ बांधून पेन उचललं आणि एकदाही न थांबता, एकही शब्द न खोडता, तीन पानं लिहिली. लिहून झाल्यावर त्यांनी समुद्राकडे असं पाहिलं, जसं काही त्यालाच आता टाळ्या वाजवायच्या होत्या.

"चार," ओवी म्हणाली.

"शंभरापैकी?"

"हो. सर, स्पष्ट विचारते. हे तुम्ही कशावरून उतरवलंत?"

चौबळांच्या हातातलं पेन खाली पडलं. समोर कोरा कागद, भिंतीवर पाल, बाहेर अंधार. उतरवणार कशावरून?

"रिकाम्या बाटलीला बांधलं तरी यंत्र चार देतं," ओवी जरा समजुतीने म्हणाली. तिने हे धीर देण्यासाठी सांगितलं होतं.

दोन दिवसांत पोतनीसांचा फोन आला. बातमीला पाय असतात, साहित्यातल्या बातमीला तर चाकं. "यशोधन, आपली जुनी मैत्री. खासगीत सांग, कुठलं यंत्र वापरतोस? छान लिहितं रे!"

चौबळ त्या रात्री जेवले नाहीत. माणूस आपल्या पोटापाण्याबद्दल सहसा शंका घेत नाही. पण त्यांना खरोखरच आठवेना, की टेबलाशी बसल्यावर आपण शब्द शोधले असे शेवटचे कधी? तिथे बसलं की वाक्यं ओळीने येत. आजवर याला ते प्रतिभा म्हणत होते.

दुसऱ्या बैठकीला त्यांनी शक्कल लढवली. दर दोन शब्दांमागे एक खोडला. केसांतून हात फिरवला. एकदा तर कागद चुरगळून फेकला आणि "नाही! नाही!" असं ओरडले.

"तीन," ओवी म्हणाली. "अभिनयाचा एक गुण गेला."

ती खिन्नपणे सामान आवरू लागली. आता उजाडलं होतं. आतून हाक आली, "यशा, तुझं ते लग्न लागलं असेल तर वाल सोलायला ये. दुपारी बिरडं आहे."

चौबळ तरातरा आत गेले. संतापाच्या भरात कपाळावरची मुंडावळ तशीच राहिली. पाटावर बसून त्यांनी पहिला वाल असा दाबला, की दाणा थेट फडताळावर गेला.

"वालांवर राग काढू नकोस," ताई म्हणाली. ती खुर्चीत बसून नारळ खवत होती. "काय झालं त्या तुझ्या गोष्टीतल्या तिकीटवाल्याचं?"

"कोण, नलावडे? काय व्हायचंय. रेवसच्या धक्क्यावरून निवृत्त झाला. कानांनी बहिरा झाला. बायकोला सांगायची लाज वाटते, म्हणून वर्षभर लपवून ठेवतो."

"आणि तिला वर्षभर पत्ता नाही? असं कुणी करतं का? बायकोला नवऱ्याचं बिघडलेलं पोटसुद्धा त्याच्या चपलांच्या आवाजावरून कळतं."

चौबळांचे हात क्षणभर थांबले. मग एक दाणा टुणकन ताटात पडला. "कळलंय तिला. पहिल्याच आठवड्यात."

"मग बोलत का नाही?"

"बोलते की. रोज बोलते. चहा पुढे करताना, हसत हसत… शिव्या घालते त्याला."

खवणी थांबली. "अगंबाई! कसल्या?"

"चाळीस वर्षांच्या. ‘घ्या मेल्या, ढोसा. तुमच्या आईने माझी चंद्रहार मोडून पाटल्या केल्या, तेव्हा कुठे शेण खात होतात?’ चेहरा मात्र असा, की जणू साखर पुरेशी आहे ना विचारतेय."

"माझा चंद्रहार," ताईने दुरुस्त केलं. "आणि तो?"

"तो मान डोलावून म्हणतो, ‘छान झालाय.’"

ताई इतकी हसली की खोबरं सांडलं. मग डोळे पुसून म्हणाली, "पण बाई माणूस एकटीच किती दिवस शिव्या देईल? समोरच्याला लागत नाही म्हटल्यावर कंटाळेल. पुढे काय? नुसत्या शिव्याच? असं कुणी करतं का?"

चौबळ तीन वाल गप्प सोलत राहिले. मग त्यांनी मान वर केली. "ताई, नलावडेने महिन्यापूर्वी गुपचूप कानात यंत्र बसवलंय. तिला सांगितलेलं नाही."

स्वयंपाकघराच्या दारात ओवी उभी होती. हातातल्या पडद्याकडे ती अशी बघत होती, जणू त्याला ताप आला होता.

"एक्याण्णव," ती म्हणाली. "सर, हलू नका. म्हणजे… वाल सोलत राहा."

तिने आलेख दाखवला. सपाट माळरान, आणि त्यातून एकाएकी सुळके. प्रत्येक सुळक्याच्या पायथ्याशी तेच वाक्य होतं: असं कुणी करतं का? सगळी कथा इथे पाटावर रचून होत होती. पहाटे चारला चौबळ स्वतःचीच नक्कल उतरवत होते.

"म्हणजे माझ्या कथा…" चौबळांनी ताटातल्या सालांकडे पाहिलं. "ताईच्या?"

"नाही सर. उजळलेले शब्द तुमचे, विझवलेलेही तुमचेच. चूल तुमची आहे." ओवी जराशी हसली. "फुंकणी त्यांची."

चौबळांनी मान डोलावली, पण मन मानेना. जन्मभर एकांताची पताका मिरवलेल्या माणसाला फुंकणीशी भागीदारी पचणं कठीण. पाटावरचा एक्याण्णव बैठकीबाहेरचा, म्हणून तो धरला जाणार नव्हता; तिसरी बैठक मंडळासमोर, पुण्यात व्हायची होती. हाती आठवडा होता. ओवीने सरावासाठी मुंडावळ ठेवली होती. चौबळांनी एकट्याने वाल सोलून पाहिले: अकरा. वाटाणे सोलले: सात. शेवटी त्यांनी ताईचं ते वाक्य तिच्या नकळत फोनवर ध्वनिमुद्रित केलं आणि पाटावर बसून, दर पाच मिनिटांनी वाजेल असं लावून दिलं.

"असं कुणी करतं का?" फोन म्हणाला. आकडा अकराच राहिला.

"असं कुणी करतं का?" फोन पुन्हा म्हणाला.

"करतं बहुतेक," मागून ताई म्हणाली. ती देवळातून लवकर परतली होती. "माझा आवाज डबीत भरलास होय, यशा? तपकिरीसारखा?"

"ताई, ते जरा प्रयोग म्हणून…"

"मुलाखतीत सांगतोस, इथे दुसऱ्याचा श्वास चालत नाही. मी कधी काही बोलले? म्हटलं, पत्रिकेत लिहितात तसं असेल, स्वभाव शांत. पण आता कामापुरता नुसता आवाज घ्यायचा आणि माणूस नको?" तिने पिशवी ठेवली. "मी पुण्याला येणार नाही. डबी घेऊन जा."

ती खोलीत गेली आणि तिने कडी लावली. दोन दिवस घरात बोलणं नाही, बिरडं नाही. चौबळांनी माफी मागितली, दारातून केळी सरकवली, एकदा ‘आपला नम्र’ अशी चिठ्ठीही टाकली. केळी आत गेली, चिठ्ठी बाहेर आली.

निघायच्या आदल्या सकाळी ते दाराबाहेर पाट टाकून बसले. पुढ्यात वाल घेतले आणि मोठ्याने म्हणाले, "मग एके दिवशी नलावडेला संसाराचा उबग येतो."

आत शांतता.

"तो बायकोला नमस्कार करतो आणि हिमालयात निघून जातो."

आत काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"तिथे बर्फात त्याला एक साधू भेटतो. साधू म्हणतो, वत्सा, हे श्रवणयंत्र फेकून दे. नलावडे ते फेकतो आणि त्याला अनाहत नाद ऐकू येतो. समाप्त."

कडी धाडकन निघाली. "अरे, असं कुणी करतं का!" ताईचा चेहरा लाल झाला होता. "रेवसच्या धक्क्याच्या पलीकडे न गेलेला माणूस, त्याचा मफलर कुठे आहे तेसुद्धा बायकोला विचारावं लागतं, तो हिमालयात जातो?"

"मग कुठे जातो?"

"मला काय ठाऊक! लेखक तू आहेस." ती दारातच उभी राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "गाडीत खिडकीची जागा माझी. आणि पुढचं एक अक्षर मला आत्ता सांगायचं नाही. शिळं चालत नाही ना त्या मुंडावळीला?"

मंडळाचे अध्यक्ष होते समीक्षक डॉ. रत्नाकर सोवनी. ‘चौबळांच्या कथेतील पहाटेचे मौन’ या विषयावर त्यांनी जाडजूड प्रबंध लिहिलेला होता, त्यामुळे समोरचं दृश्य त्यांना व्यक्तिशः लागलं. सभागृहाच्या मधोमध सतरंजीवर पाट टाकून बसलेले चौबळ, कपाळाला मुंडावळ, पुढ्यात पातेलंभर वाल. शेजारी खुर्चीत शुभदाताई.

"हे काय आहे?" सोवनी म्हणाले. "टेबल आणा कुणीतरी."

"टेबल नको," ताई म्हणाली. "सालांना एक ताट द्या."

ताट आलं. मागच्या रांगेत पोतनीस आणि चार वार्ताहर बसले होते. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर आकडा होता पाच. चौबळांनी सुरुवात केली. नलावडेच्या कानात यंत्र आहे, बायको इंदू रोज चहाबरोबर शिव्या देते आहे, तो मान डोलावतो आहे. हे सगळं जुनं; आकडा पाचच. सोवनींनी घड्याळ पाहिलं. आजवर छापलेलं प्रत्येक पुस्तक आता या पातेल्यात होतं.

"थांब," ताई म्हणाली. "महिनाभर त्याच्या कानात यंत्र आहे, आणि बायकोला दिसत नाही? त्याच्या चपला ओळखणारी बाई ती. असं कुणी करतं का?"

वाल चिमटीत थांबला. पडद्यावर आकडा हलला. तीस. पंचेचाळीस.

"दिसत नाही," चौबळ सावकाश म्हणाले. "केसांनी झाकलंय ते. पण… ऐकू येतं." दाणा टुणकन पडला. "एके सकाळी ती नेहमीसारख्या शिव्या देते. आईचा उद्धार होतो, चंद्रहार होतो. मग कप ठेवता ठेवता त्याच सुरात म्हणते, ‘आणि तुमच्या कानातलं यंत्र शिट्टी मारतंय. बॅटरी बदला.’"

एका वार्ताहराला ठसका लागला. बहात्तर.

"म्हणजे तिला ठाऊक होतं?" ताई पुढे झुकली. "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग महिनाभर शिव्या कशाला दिल्या? तो ऐकतोय हे माहीत असून? शहाणी बाई असं करेल का?"

चौबळ आता ताईकडे बघत नव्हते, पडद्याकडेही नाही. हात आपोआप चालले होते. "आधीचं वर्षभर ती स्वतःसाठी बोलली. मन मोकळं करायला. हा महिना त्याच्यासाठी बोलली. चाळीस वर्षांत त्याने पहिल्यांदा मध्ये न तोडता तिचं सगळं ऐकलं होतं ना. तिला ते आवडायला लागलं होतं."

अठ्ठ्याऐंशी. डॉ. सोवनी आसनावरून कधी उतरले ते कुणाला कळलं नाही. ते सतरंजीच्या कडेला उकिडवे बसले होते आणि त्यांनी पातेल्यातून मूठभर वाल उचलले होते.

"मग?" सोवनी म्हणाले. "ती ‘बॅटरी बदला’ म्हणाली. मग नलावडे काय म्हणाला?"

"थांबा हो, त्याला सुचू दे," ताई म्हणाली. "आणि नखाने सोलू नका, दाणा तुटतो. चिमटीत दाबा."

चौबळांनी एक वाल उचलला. दाबला नाही. तो चिमटीत धरून ते कितीतरी वेळ बसून राहिले, आणि पडद्यावरचा आकडा एकेक पायरी चढत गेला, जणू त्या एका वाक्यासाठी डोक्यात शेकडो दिवे लागत होते आणि एकेक करून विझत होते.

"नलावडेने तिच्याकडे पाहिलं," ते म्हणाले. "आणि कानामागे हात धरून म्हणाला, ‘काय म्हणालीस? ऐकू नाही आलं.’"

ताईने तोंड उघडलं. मग मिटलं. पदर डोळ्यांना लावला.

"हं," ती म्हणाली. "असं करतात."

अठ्ठ्याण्णव. ओवीने शिक्का मारण्याआधी यंत्र तपासून पाहिलं, कारण आजवर इतका आकडा कुणाचाच आला नव्हता. टाळ्या सोवनींनी वाजवल्या नाहीत. त्यांच्या हातांत वाल होते. बाकीच्यांनी मात्र उभं राहून वाजवल्या. पोतनीस लगबगीने पुढे आले आणि आपला तर पहिल्यापासून विश्वास होता असं चौघांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. "काय म्हणालास?" चौबळांनी कानामागे हात धरला.

‘पलिता’चा अंक त्या दिवाळीत हातोहात गेला. ‘मानवी निर्मिती’ या शिक्क्याखाली पद्धतीची नोंद होती: पाटावर, वाल सोलताना, हरकतीसह. त्यानंतर राज्यातले नवे लेखक वालांवर तुटून पडले. पुण्यात कडव्या वालांचा भाव बदामांच्या वर गेला. ‘सोला आणि लिहा’ अशी शिबिरं निघाली. आकडा कुणाचा वीसच्या पुढे जाईना, कारण वाल सगळ्यांना मिळाले, ताई कुणाला मिळाली नाही.

तेव्हा शुभदाताईने ठाण्याच्या जुन्या केंद्राची पाटी माळ्यावरून काढून पुसली, आणि ‘वधूवर’ हा शब्द रंगवून त्या जागी ‘हरकत’ लिहिलं. हरकत सूचक केंद्र. लेखकाला साजेसं, न वाचणारं, पण न पटलं की गप्प न बसणारं माणूस जमवून मिळेल. पहिल्याच महिन्यात तिने एका कवीची गाठ निवृत्त बसवाहकाशी घालून दिली आणि एका कादंबरीकार बाईंची त्यांच्याच सासूशी. दोन्ही जोड्या उत्तम चालल्या आहेत. मंडळानेही ओवीच्या आग्रहावरून केंद्राला मान्यता दिली. सागवानी टेबल वाया गेलं नाही. त्याच्यावर आता वालांना मोड आणतात. खिडकीतून ऊन चांगलं येतं.

परवा एका वाहिनीवरून मुलाखत घ्यायला एक मुलगी आली. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "सर, आपण लिहिता कधी?"

सवय वाईट. चौबळांचे डोळे किंचित मिटले. "पहाटे," ते म्हणाले, "चार वाजता, समुद्र जागा…"

"यशा!" आतून आवाज आला. "असं कुणी करतं का?"

चौबळांनी डोळे उघडले. चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. कारण नेमक्या त्याच क्षणी, पहाटे चारला समुद्रावर जाऊन मुद्दाम खोटं बोलणारा एक माणूस त्यांना दिसला होता, आणि तो खोटं का बोलतोय हे ताईला सांगितल्याशिवाय आता राहवणार नव्हतं.

"बसा जरा," ते मुलीला म्हणाले आणि पाट शोधायला उठले. "वाल सोलता येतात ना?"